दिवा चालू, सायरन बंद

ती घटना आठवली की आजही माझी मान आपोआप खाली जाते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, मंत्र्यांचे बंदोबस्त केले. काही तपास फसले, काही जमले. त्यांची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती एका साध्या टेम्पो अपघाताची. त्यात आरोपीने पहिल्याच दिवशी कबुली दिली होती. कबुली कोणी मारून घेतली नव्हती, लालूच दाखवूनही घेतली नव्हती. त्याने ती मनापासून दिली होती, आणि सगळा घोळ तिथेच होता.

खंडेनवमीचा दिवस होता. बाहेरच्या माणसाला कल्पना नसते, पण पोलीस ठाण्यात हा सण घरच्यासारखा होतो. आदल्या दिवसापासून रायफली पुसायच्या, बेड्यांना तेल लावायचं, गाड्या धुवून ओळीने उभ्या करायच्या. सकाळी सगळ्यांना हळदकुंकू, वायरलेसच्या सेटलासुद्धा. ज्या ठाण्याची पूजा थाटाची, त्या ठाण्याचा इन्चार्ज जोरात, असा आमच्याकडे समज आहे. मी तेव्हा शहराच्या कडेला असलेल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो आणि त्या वर्षी उपायुक्त साहेब पूजेला आमच्याकडे येणार होते. नऊची वेळ ठरली होती.

झेंडू कमी पडेल असं मी सहज बोललो. कोणाला जा म्हणून सांगितलं नाही. पण ठाण्यात साहेब सहज बोलले तरी ते काम कोणीतरी करतंच. आमचा एक चालक शिपाई गस्तीची गाडी घेऊन फुलबाजारात गेला. या गाडीला आम्ही मोबाईल म्हणतो. चालक चांगला होता. व्यसन नाही, गाडीवर जीव, रात्रपाळीला कधी कुरकुर नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या हकिगतीत कोणी दुष्ट माणूस नाही. असता तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी साडेसातच्या सुमारास वायरलेसवर निरोप आला. सातपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या सिग्नलवर झेंडूने भरलेला टेम्पो उलटला आहे, एक म्हातारा गंभीर आहे. मोबाईल नुकतीच आवारात शिरून फुलं उतरवत होती. मी हवालदाराला तिच्यातच बसवून पाठवलं. चालकाने एक शब्द न बोलता गाडी फिरवली आणि सायरन वाजवत निघून गेला. त्याची तत्परता पाहून मला बरं वाटल्याचंही आठवतं.

टेम्पो गिरणारे बाजूच्या एका माळी कुटुंबाचा होता. थोरला मुलगा चालवत होता आणि वडील मागे फुलांच्या क्रेटवर ताडपत्री धरून बसले होते. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूला भाव असतो, त्यामुळे घरातली सगळी रात्रभर फुलं तोडत होती. सिग्नलवर मुलाने जोरात ब्रेक मारून गाडी वळवली, क्रेट एका बाजूला सरकले आणि टेम्पो आडवा झाला. वडील दुभाजकावर फेकले गेले. आमच्याच गाडीतून त्यांना सिव्हिलला नेलं, पण ते वाटेतच गेले. मुलाला कपाळावर टाके पडले.

हवालदार परत आला तेव्हा पूजा सुरू व्हायची होती. गाडीची मागची सीट त्यांनी धुऊन आणली होती. काय झालं म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, पोरगा रात्रभर जागा होता, डुलकी लागली असणार, माझीच चूक म्हणून रडतोय. मी मान हलवली. नऊ वाजता साहेब आले, नारळ फुटला आणि त्या मोबाईलला मी माझ्या हाताने हार घातला. बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. चालक बाजूला हात जोडून उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला होता. प्रेत हाताळलं की माणूस असा होतो, असं मला वाटलं.

निष्काळजीपणे वाहन चालवून वडिलांच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा थोरल्यावर दाखल झाला. जबाबात नेहमीचं वाक्य होतं, की रात्रभर जागा असल्याने मला झोपेची गुंगी आली. अपघाताच्या किती जबाबांत मी हे वाक्य वाचलं असेल! जामिनाचा गुन्हा असल्याने तो लगेच सुटला. पण सुटून जायचं कुठे, हा त्याचा प्रश्न होता. धाकट्या भावाने घरी सांगून टाकलं होतं, ज्याने बापाला मारलं त्याने अग्नी द्यायचा नाही. अग्नी धाकट्याने दिला. रामकुंडावर दहाव्याला थोरला पायऱ्यांवर लांब बसून राहिला. आई त्याच्याशी बोलत नव्हती. तो शेतातल्या पंपाच्या खोलीत झोपत होता. ही सगळी माहिती हवालदाराने मला चहा पिता पिता दिली. आम्ही दोघेही वाईट झालं म्हणालो आणि कामाला लागलो.

मग एक दिवस खबर आली. ती देणाऱ्याला आपण खबर देतोय हे माहीत नव्हतं.

सातपूरच्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवणारा एक मध्यमवयीन माणूस चारित्र्य पडताळणीच्या कागदासाठी ठाण्यात आला होता. त्याच वेळी थोरला आपला जप्त केलेला टेम्पो सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, सोडवून घ्यायला आला होता. दोघेही बाकावर बसले होते. मी राउंडहून परत येत होतो, तर हा बसवाला थोरल्याला रागावत होता. मला पाहून उभा राहिला आणि म्हणाला,

“साहेब, ह्याला तुम्हीच समजवा. बाजूने पोलिसांची गाडी येतेय, वर दिवा फिरतोय, आणि हा बाबा हिरवा दिसला म्हणून सरळ आत. दोन सेकंद थांबला असता तर म्हातारा आज जिवंत असता.”

थोरला मान खाली घालून ऐकत होता. त्याने मान हलवून होकारही दिला.

मी बसवाल्याला केबिनमध्ये नेलं आणि कोणती गाडी ते विचारलं. तुमचीच की, तो म्हणाला, पांढरी, निळ्या पट्ट्याची. सिग्नल कोणाचा होता? टेम्पोचा हिरवा होता. सायरन? तो आठवत राहिला. मग म्हणाला, सायरन नव्हता, नुसता दिवा. तो स्वतः लाल दिव्याला बस घेऊन उभा होता आणि आमची गाडी त्याच्या उजवीकडून पुढे गेली होती. मी त्याला विचारलं, इतकं सगळं पाहिलंस तर त्या दिवशी पुढे का आला नाहीस? पोलिसांना भिऊन आला नाही, असं उत्तर मी गृहीत धरलं होतं. ते उत्तर मला ओळखीचं होतं आणि चाललंही असतं. त्याने मात्र माझ्याकडे नवलाने पाहिलं.

“कशाला यायचं साहेब? पोलिसांना सिग्नल लागू नसतो ना. तुमचं काही चुकलंच नव्हतं, मग साक्ष कशाची द्यायची?”

तो मला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हता. वीसेक वर्षं गाडी चालवणारा माणूस होता आणि त्याला हाच नियम माहीत होता.

मी थोरल्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसायला सांगितलं. तो बसेना. शेवटी कडेवर टेकला. मी म्हटलं, जबाबात तू झोप लागल्याचं सांगितलंयस. तो म्हणाला, झोप नव्हती लागली. मग सही का केलीस? हवालदार साहेबांनी लिहिलं म्हणून केली. चूक तर माझीच होती, मग ती कशी झाली याने काय फरक पडतो, असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला पोलीस गाडीबद्दल विचारलं तेव्हा त्याला रडू आलं.

“मी सांगितलं होतं की साहेब. गाडी आली, मी येळेवर पाहिली नाय. हवालदार साहेब म्हनले, तिनं ठोकलं का तुला? मी म्हनलं, नाय. मंग ते म्हनले, पोलिसाच्या गाडीला वाट द्यायची असती हे कळत नाय का? ते खरंच हाय. मी वाट दिली नाय आन् माझा बाप गेला.”

माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता, तो मी त्याच्याकडे सरकवला. हवालदाराने पोलीस गाडीचा उल्लेख ऐकला होता. कोणती गाडी हे विचारायचं त्याला सुचलं नाही, की सुचलं म्हणूनच त्याने विचारलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या चौकात कॅमेरा होता. चित्रण आम्ही मागवलंच नव्हतं, कारण कबुली हातात असताना ते कोण मागवतो? आता मागवलं. अजून पुसलं गेलं नव्हतं हे नशीब. टेम्पो हिरव्या दिव्यावर बेताच्या वेगाने चौकात शिरला होता. आडव्या रस्त्याने आमची मोबाईल लाल दिवा ओलांडून आली होती, छतावरचा दिवा फिरत होता. टेम्पो वळला, आडवा झाला. मोबाईलचे ब्रेकचे दिवे क्षणभर लागले, विझले, आणि ती पुढे गेली. मागच्या काचेतून झेंडूची पोती दिसत होती.

मी चालकाला बोलावलं. आरोपीची चौकशी करताना समोरच्याला बोलू द्यावं, मध्ये गाळलेल्या जागा आपोआप दिसतात, हे मी कितीतरी नव्या अधिकाऱ्यांना शिकवलं होतं. इथे मला काही युक्ती वापरावी लागली नाही. मी फक्त म्हटलं, खंडेनवमीला सकाळी सिग्नलवर काय झालं? त्याने आपली बाजू मांडली. तो ऑन ड्युटी होता. गाडी सरकारी होती. दिवा चालू होता. पोलीस वाहनाला सूट असते. शिवाय गाडी टेम्पोला लागली नव्हती, मग अपघात त्याचा कसा?

सूट असते, हे खरं आहे. वाचकांनाही ती नीट माहीत असावी म्हणून थोडं थांबून सांगतो. अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलीस यांना तातडीच्या कामावर असताना लाल दिवा ओलांडता येतो, वेगाची मर्यादा सोडता येते. पण काम खरोखर तातडीचं हवं, म्हणजे कोणाचा जीव वाचवायचा आहे किंवा कुठे दंगल पेटली आहे असं. दिवा आणि सायरन दोन्ही चालू हवेत. आणि एवढं सगळं असलं तरी पुढचा रस्ता मोकळा आहे हे पाहूनच जायचं, ती जबाबदारी चालकावरच राहते. अपघात झाला तर थांबायचं, जखमीला मदत करायची, हे तर कोणालाच माफ नाही. उलट कायदा राबवणाऱ्यानेच वाहतुकीचा नियम मोडला तर त्याला दंड दुप्पट आहे. यातलं निम्मं आमच्या चालकांना प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. उरलेलं निम्मं ते आमच्याकडे पाहून शिकतात. साहेबांच्या मुलाला क्लासला सोडतानाही गर्दीत दिवा लावायचा असतो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकात सापडलेलं नसतं.

मी चालकाला विचारलं, इतकी घाई होती तर सायरन का वाजवला नाहीस? तो जे बोलला ते मी कधी विसरलो नाही.

“लाज वाटली साहेब. फुलं घेऊन चाललो होतो. फुलांसाठी सायरन कसा वाजवायचा? म्हणून नुसता दिवा लावला.”

सायरन वाजला असता तर थोरला थांबला असता. दिवा लावला नसता तर चालक स्वतः सिग्नलला थांबला असता. त्याला लाज होती, पण अर्धीच होती. आणि उरलेली अर्धी लाज ज्यांना वाटायला हवी होती त्यांच्यात माझा नंबर पहिला होता, कारण फुलं माझ्या पूजेची होती.

मग त्याने आपणहून पुढचं सांगितलं. आरशात त्याला टेम्पो आडवा झालेला दिसला होता. लोक जमलेत, उचलतील, असं मनाला सांगून तो ठाण्यात आला. तिथून मी त्यालाच परत पाठवलं. म्हाताऱ्याला त्यानेच खांद्याला धरून गाडीत घेतलं. थोरला मागे वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. “पूर्ण रस्ता मी सायरन बंद केला नाही साहेब,” तो म्हणाला. “सिव्हिलच्या दारात गाडी उभी केली, तर त्या पोराने खाली उतरून माझे पाय धरले. म्हणतो, साहेब, तुमच्या गाडीला वाट दिली नाही, माफ करा. मी काय बोलणार होतो?”

काय बोलायला हवं होतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. बाहेर ठाणे अंमलदार कोणावर तरी ओरडत होता.

संध्याकाळी हवालदार माझ्याकडे आला. त्याला सगळं कळलं होतं. दार लोटून घेऊन तो म्हणाला, साहेब, गाडी लागलेली नाही. टेम्पोवाल्याची तक्रार नाही, बसवाल्याची तक्रार नाही, मयताच्या घरच्यांची तक्रार पोलिसांवर नाहीच नाही. कोणाचंच काही म्हणणं नाही, मग आपणच आपल्या पोराच्या पोटावर पाय का द्यायचा? त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती, काळजी होती. चालकाची बायको पोटुशी होती हेही त्याने सांगितलं. खोटं कशाला बोलू, ती रात्र मी विचारात घालवली. कोणाचं काही म्हणणं नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. इतकी वर्षं आम्ही लोकांवर असं काही बिंबवलं होतं, की बाप मेला तरी त्यांचं आमच्याविरुद्ध काही म्हणणं नव्हतं. सकाळी मी उपायुक्तांना फोन केला आणि तपास आमच्या ठाण्याकडून काढून घ्यायची लेखी विनंती केली. ते म्हणाले, ठीक आहे, कागद नीट पाठवा.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या अधिकाऱ्याने तपास केला. थोरल्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात गेला. चालकावर गुन्हा दाखल होऊन तो निलंबित झाला, हवालदाराची खात्यांतर्गत चौकशी लागली. माझ्या ठाण्यात मी आत आलो की बोलणं थांबायचं. चालकाची बायको एकदा आवारात आली होती, माझ्याशी न बोलता निघून गेली. त्यांचा राग मी समजू शकत होतो. झेंडू कमी पडेल हे शब्द कोणत्याही दोषारोपपत्रात आले नाहीत, येणारही नव्हते. तपासी अधिकाऱ्याला दिलेल्या माझ्या जबाबात ते मी मुद्दाम घातले होते. पुढे त्यांची दखल कोणी घेतली नाही.

अहवाल गेला त्या दिवशी मी थोरल्याला बोलावून सांगितलं, की तुझ्यावरचा गुन्हा निघतोय. त्याला वाटलं मी दया दाखवतोय. तो हात जोडायला लागला, तेव्हा मी त्याला सूट कधी असते, कधी नसते, सगळं समजावून सांगितलं. सिग्नल तुझा होता. गाडी फुलं घेऊन चालली होती. सायरन नव्हता. त्या गाडीला वाट देणं तुझ्यावर बंधनकारक नव्हतं, थांबायचं तिने होतं. तो ऐकत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्या तोंडाकडे पाहत होता, जणू मी ते परत घेईन.

“म्हंजी माझी चूक नव्हती?”

नव्हती, मी म्हणालो. त्याने ते पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग म्हणाला, मी सांगून घरी पटायचं नाय साहेब, तुम्ही येता का?

मी गेलो. गणवेशात गेलो, कारण बापाला मारल्याचा शिक्का आमच्या गणवेशाने लावला होता आणि तो त्यानेच पुसायला हवा होता. शेतातल्या घरासमोर आईने खाट टाकली, मी उभाच राहिलो. धाकटा भाऊ गोठ्याच्या दाराशी हाताची घडी घालून ऐकत होता. तुमचा मुलगा झोपला नव्हता, मी आईला सांगितलं. चूक पोलिसांच्या गाडीची होती, आणि ती गाडी आमच्या ठाण्याची होती. मी हात जोडले. ती माउली मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एवढंच विचारलं, “मंग हा झोपला नव्हता?” मी नाही म्हणालो. ती उठली, पंपाच्या खोलीकडे गेली आणि थोरल्याची वळकटी काखोटीला मारून घरात घेऊन आली. धाकटा गोठ्यात निघून गेला. त्याला बाहेर यायला वेळ लागला, आणि मी तोपर्यंत थांबलो नाही.

परत निघालो तेव्हा दिवस मावळायला आला होता. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना भाजीचे मळे, पाणी दिल्याने कडा ओल्या. समोरून कोबीने भरलेला ट्रॅक्टर आला. आमचा दिवा बंद होता, सायरन बंद होता, कसलीही घाई नव्हती. तरी आम्हाला पाहताच त्या माणसाने ट्रॅक्टर बाजूला घेतला. ट्रॉलीचं चाक चिखलात उतरलं आणि ट्रॉली एका अंगाला कलली. मी माझ्या नव्या चालकाला थांबायला सांगितलं. खाली उतरून हाताने खूण केली, की भरलेली गाडी तुझी आहे, आधी तू जा. तो हसला आणि त्याने मान हलवली. मी पुन्हा खूण केली. त्याने इंजिन बंद केलं आणि हात कपाळाला लावला.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला लोक विचारतात. नियम वाचून माहीत होणं वेगळं आणि लोकांनी आपल्याकडे पाहून नियम शिकणं वेगळं, हे मला त्या रस्त्यावर समजलं. आम्हाला काही मिनिटांसाठी, कोणाचा तरी जीव वाचवण्यासाठी दिलेली सूट आम्ही कायमची करून घेतली होती. आणि लोकांनी तिला कायदा समजून आपल्या चुका त्यावर मोजायला सुरुवात केली होती.

तो माणूस काही केल्या आधी जाईना. ट्रॉली कलतच होती. शेवटी मीच गाडीत बसलो, आणि त्याच्या समोरून आम्ही पुढे निघून गेलो.